न आलेल्या पेशंटची नोंद कोण ठेवतं? (मागच्या लेखावरच्या कमेंटला उत्तर)

दादा, तुम्ही लिहिलंय की आशाताई बीपी-शुगरच्या तपासणीचे फॉर्म भरतात, आकडे मुंबईला जातात, त्यानं कुणाचा बीपी कमी झालाय का? आणि तुमची आजी ज्वारीची भाकरी खाऊन नव्वद वर्षं जगली, तेव्हा लोकांना भाकरी खा आणि चाला म्हणायचं, विषय संपला. कमेंट कडक आहे पण त्यातलं निम्मं मला पटतंय म्हणून सविस्तर लिहिते.

फॉर्म भरला म्हणजे उपचार झाला असं नाही, मान्य. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (सवयी-लक्षणं विचारून आजाराचा धोका बघायचा फॉर्म) भरायचा, बीपी-शुगर बघायची, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासायचा हे ठरलेलं काम आहे, पण वरून विचारलं जातं ते 'किती तपासले' एवढंच.

आमचा मामा इथं सोलापुरात अशोक चौकाकडं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होता. दोन वर्षांत दोन शिबिरांत त्याचा बीपी वाढलेला निघाला, दोन्ही चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात घामानं भिजून गेल्या. दोन्ही वेळा तो 'सापडलेला पेशंट' म्हणून मोजला गेला असणार. महिनाभर गोळी खाल्ली, डोकं दुखायचं थांबलं, मग बरं वाटतंय म्हणून त्यानंच बंद केली, आणि बाबा का आला नाहीस म्हणून विचारायला कुणी आलं नाही. एक दिवस रात्रपाळी करून आला, चहाची बशी उचलायला गेला तर हातच उठेना, तोंड वाकडं झालेलं. आज त्याच्या शर्टाची गुंडी मामी लावते.

मला जी नोंद हवीय ती ही, न आलेल्याची. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, महाराष्ट्र पहिल्या राज्यांतच होता. त्यातला हिशेब मला फार आवडतो: शेवटच्या तपासणीत १४०/९० च्या खाली आला तोच कंट्रोलमध्ये, आणि जो तपासणीला आलाच नाही तो वेगळा मोजायचा, झाकायचा नाही. सोबत ठरलेल्या गोळ्या, महिन्याभराच्या एकदम, घराजवळ. अशी यादी हातात असली की का आला नाही तेपण कळतं. आपल्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर असते, ओपीडीच्या रांगेत सकाळ गेली की तेवढे पैसे गेले, ती कशाला येईल ओ? मग गोळी संध्याकाळी तिच्या गल्लीत द्या. हे यादी बघितल्याशिवाय सुचणारच नाही.

आजींचं म्हणाल तर भाकरी मीपण खाते, चालतेपण. पण आपण भाकरीसोबत शेंगाचटणी, लोणचं, वरून कच्चं मीठ घेतो, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचा. २०२३ ला आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत ११.४ टक्के मोठ्या माणसांना डायबेटिस आणि ३५.५ टक्क्यांना बीपी निघाला. डायबेटिस शहरात जास्त आहे हे तुमच्या बाजूनं जातं, पण खेड्यातपण कमी म्हणण्यासारखा राहिला नाही. आणि मामासारख्याचा एकदा १७० वर गेलेला बीपी नुसत्या भाकरीनं उतरत नाही, गोळी लागतेच, रोज.

एक करा दादा. तुमच्या गल्लीतल्या आशाताई आल्या की त्यांना विचारा, तपासलेल्यांतले परत न आलेले कोण, त्यांची यादी आहे का, आणि नसली तर मागच्या महिन्यात त्यांना ती कुणी मागितली होती का. काय म्हणतात ते इथंच लिहा, मी वाट बघते.