बाराही चांद्रवीर 'ईगल' नव्हते

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर स्काउटिंगचा एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय की, अमेरिकेत कर्तबगार माजी ईगल स्काउटांना (ईगल म्हणजे तिथल्या स्काउटिंगमधली सर्वांत वरची पायरी) 1912 पासून 'डिस्टिंग्विश्ड ईगल स्काउट' पुरस्कार देतात, चंद्रावर उतरलेले बाराही जण ईगल होते, बिल गेट्सही ईगलच. तेव्हा मुलाला स्काउटचा बॅज मिळवून द्या, पुढचं आपोआप होतं. मी स्वतः गळ्यात स्कार्फ बांधून शिबिरं केलेला माणूस. स्काउटिंगचं कौतुक व्हावं असं मलाही मनापासून वाटतं, पण ते खऱ्या गोष्टींवर व्हावं.

1912 हे साल पहिल्या ईगल स्काउटचं, आर्थर एल्ड्रेडचं. मोठेपणी मिळणारा हा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये.

'आपोआप' हा शब्द तर पुरस्काराच्या मुळावरच उठतो. ईगल झाल्यावर किमान 25 वर्षं जावी लागतात. त्या काळात आपल्या क्षेत्रात देशपातळीवर नाव व्हावं लागतं, समाजासाठी स्वेच्छेने राबावं लागतं, आणि मग स्थानिक स्काउट काउन्सिलमार्फत नाव सुचवलं जातं. जेराल्ड फोर्ड 1927 साली ईगल झाले. हा सन्मान मिळाला 1970 मध्ये. मधल्या 43 वर्षांत वकिलीचं शिक्षण, महायुद्धात नौदलातली नोकरी आणि अमेरिकी काँग्रेसमधली दोन दशकं. राष्ट्राध्यक्षपद तेव्हा अजून चार वर्षं दूर होतं, म्हणजे खुर्चीकडे बघून दिला असंही नाही.

आता चंद्र. बारापैकी अकरा जण लहानपणी स्काउटमध्ये होते, हे खरं. ईगलपर्यंत पोचले दोघेच, नील आर्मस्ट्राँग आणि चार्ल्स ड्यूक. बझ ऑल्ड्रिन टेंडरफूट म्हणजे अगदी सुरुवातीच्या पायरीवर थांबले, तरी चंद्रावर उतरलेच. उलट जिम लव्हेल ईगल होते. ते दोनदा चंद्रापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा न उतरता परतले.

बिल गेट्स लाइफ स्काउट होते, ईगलच्या एक पायरी खाली. 2010 मध्ये त्यांना मिळाला तो 'सिल्व्हर बफेलो'. तो 1926 पासूनचा वेगळा पुरस्कार, मुला-तरुणांसाठी केलेल्या कामाचा, आणि त्यासाठी ईगल असण्याची अट नाही. डिस्टिंग्विश्ड ईगल मिळालेल्यांत एक गेट्स आहेत खरे. ते बिल यांचे वडील, सिॲटलमधले वकील.