लोणावळ्यातील बार्बेक्यू आणि ग्राहकाची कर्तव्ये

पावसाळ्यात मित्रमंडळींसह लोणावळ्याला जाऊन दुपारच्या जेवणाने मनस्ताप करून घेणे वाटते तितके सोपे नाही. तिथे पिठले-भाकरी मिळते, मिसळ मिळते, वडापाव तर पावलोपावली मिळतो, आणि जरा गाफील राहिलात तर एखाद्या साध्या खानावळीत गरमागरम जेवून तृप्त मनाने घरी परतण्याचा धोका कायम असतो. तो टाळायचा असेल तर बार्बेक्यूसारखा खात्रीचा मार्ग नाही. मात्र सगळा भार उपाहारगृहाच्या मालकावर टाकून चालत नाही. ग्राहकानेही आपला वाटा उचलावा लागतो.

दिवस शनिवारचा किंवा रविवारचा निवडावा. मुंबईहून लोणावळा सुमारे ८० किलोमीटर आहे, पुण्याहून सुमारे ६५. तेव्हा ही कल्पना आपल्याखेरीज अन्य कोणाला सुचलेली नसणार, अशा विश्वासाने निघावे. श्रावण चालू असल्यास फारच उत्तम. निम्मी मंडळी सामिष खात नसतात, एखाद्याचा शनिवार असतो, आणि तरीही बार्बेक्यूचा प्रस्ताव एकमताने संमत होतो, कारण बाकीच्यांची तीव्र इच्छा असून आपणच मोडता घालतो आहोत की काय, अशी प्रत्येकाला धास्ती वाटते. अलिबागकडचा मित्र असेल तर त्याला शक्यतो घरीच ठेवावे. तो वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उलटे ठेवलेले मडके आणि भोवती पेटवलेला पेंढा असे पोपटीचे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या मेजवानीचे, वर्णन सुरू करतो आणि सर्वांच्या अपेक्षा विनाकारण वाढवून ठेवतो.

जेवणापूर्वी स्थलदर्शन करावे, पण ते टेबलाच्या वेळेच्या धाकाखाली. एकवीरेच्या पायऱ्या चढून कार्ल्याच्या चैत्यगृहात पोहोचल्यावर छताच्या लाकडी कमानींकडे एकदा पाहावे. देशातील या सर्वांत मोठ्या शैलचैत्यगृहात ते लाकूड सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे. पुढे ताटात येणाऱ्या काही तुकड्यांच्या वयाचा अंदाज बांधताना हा संदर्भ उपयोगी पडतो. त्या कमानींखाली कोणी शांतपणे उभा राहिलाच, तर दर पाच मिनिटांनी ‘आपले टेबल अडीचचे आहे’ अशी आठवण देणारा एक जबाबदार सदस्य गटात असावा. लोहगड याच कारणासाठी रद्द करावा. मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर २०२५ मध्ये त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला हे खरे, पण जागतिक वारसा कोठे पळून जात नाही. ‘अनलिमिटेड’ जेवणाची वेळ मात्र चार वाजता संपते.

सर्वांत मोठा मोह टायगर पॉइंटवर भेटतो. तिथे एखादी बाई लहानशा शेगडीपुढे बसून एका हाताने पंखा हलवते आणि दुसऱ्या हाताने कणीस फिरवत राहते. दाणे फुटू लागतात, ठिकठिकाणी काळे पडतात, मग अर्धे लिंबू मीठ-तिखटात बुडवून त्यावर घासले जाते आणि वाफाळते कणीस तुमच्या हातात येते. निखारे, वारा घालणारा माणूस आणि समोर भाजलेला ताजा जिन्नस, एवढ्यानेच खरे तर काम भागलेले असते. म्हणूनच तिथे थांबू नये. ‘आत्ता भूक मारू नका, पुढे खायचे आहे’ असे एकमेकांना बजावत गाडीत बसावे.

उपाहारगृह निवडताना ज्याच्या फलकावर दरी, ढग, तरणतलाव आणि ज्वाळा ही चारही चित्रे असतील ते निवडावे, आणि टेबल गच्चीच्या कडेला मागावे. पावसाळी हवेत उघड्यावर ठेवलेला कोळसा ओल धरतो. कोरडा कोळसाही पेटून त्यावर पांढरी राख धरायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो, आणि भाजण्याची वेळ त्यानंतर येते. एवढा धीर आपल्यापाशी नसतो आणि उपाहारगृहालाही परवडत नसतो. त्यामुळे टेबलाच्या मधोमध येणारी शेगडी बहुधा शोभेची असते. पदार्थ आतल्या स्वयंपाकघरात आधीच अर्धेमुर्धे शिजवलेले असतात आणि आपल्यासमोर त्या शिगांना केवळ निखाऱ्यांचे दर्शन घडवले जाते. वाढपी पुठ्ठ्याने वारा घालू लागला की धूर कोणत्याही दिशेला न जाता नेमका तुमच्या डोळ्यांत जातो. त्या वेळी भ्रमणध्वनी बाहेर काढावा. धुरात भरून आलेले डोळे छायाचित्रात आनंदाश्रूंसारखे दिसतात.

यानंतर कोंबडी येते. ती वरून काळी आणि आतून गुलाबी असल्यास स्वयंपाक्याला दोष देऊ नये. येथे पदार्थविज्ञान काम करत असते. मांसाचा पृष्ठभाग खमंग व्हायचा तर तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो, आणि बर्फातून घाईने काढलेल्या तुकड्यातून पाणी सुटत राहिले तर ते आटेपर्यंत पृष्ठभाग शंभराच्या पुढे सरकत नाही. तुकडा भाजला न जाता वाफवला जातो. मग वेळ भरून काढण्यासाठी जाळ वाढवतात, मसाल्यातले दही आणि साखर करपते, आणि मधल्या भागापर्यंत उष्णता पोहोचायच्या आत शीग टेबलावर हजर होते. कोंबडी आतपर्यंत किमान ७४ अंश तापलेली असावी हा अन्नसुरक्षेचा रूढ दंडक आहे, परंतु सहलीला तापमापक घेऊन येणाऱ्या माणसाला मित्र कोण म्हणेल? सर्वांनी काळा भाग खावा, गुलाबी भाग हाडांच्या वाटीत हळूच सरकवावा आणि ‘स्मोकी आहे’ एवढेच म्हणावे. हे विशेषण करपलेल्या प्रत्येक पदार्थाला लागू पडते.

शाकाहारी मित्रांची काळजी वेगळी घ्यावी लागत नाही, उपाहारगृह ती घेतेच. पनीरचा चौकोन, ढोबळी मिरचीचा चौकोन आणि कांद्याचा चौकोन एका शिगेवर ओवला की निम्म्या महाराष्ट्राचा श्रावण पाळला गेला, असा तिथला दृढ समज आहे. कोंबडीवर तेल फिरवणारा कुंचला पनीरवरही फिरतो, याकडे कोणी बोट दाखवू लागलाच तर त्याला ताबडतोब दरीतले ढग दाखवावेत. उपवास करणाऱ्यासाठी दालचिनी लावून भाजलेला अननस असतो. तो तेवढा बहुतेक ठिकाणी बरा लागतो, आणि त्या दुपारी सर्वांत चांगले जेवण उपवासवाल्याचे होते.

‘अनलिमिटेड’ या व्यवस्थेत मर्यादा पदार्थांवर नसून वेळेवर असते, हे ध्यानात ठेवून पहिल्या फेरीत बटाट्याचे तळलेले काप आणि मसाला पापड यांवर मनसोक्त ताव मारावा. कोळंबी मागितल्यावर ‘येतेय, सर’ असे उत्तर मिळते आणि ते पुढची चाळीस मिनिटे खरेच असते. ती येते तेव्हा माणशी एक येते. त्या एकीसाठी ‘तू घे’, ‘नाही रे, तू घे’ असा आग्रह इतका रंगतो की ती थंड होऊन उपवासवाल्यापुढे जाते.

बिलावर सेवाशुल्क दिसल्यास ते मुकाट्याने भरावे. ते आपोआप लावता येत नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलूनही धरली. पण ही माहिती टेबलावर मोठ्याने सांगितली तर चार मित्रांच्या देखत कंजूष ठरण्याची भीती असते, आणि उपाहारगृहाची सारी भिस्त त्या भीतीवर असते. हिशेब समान वाटून घ्यावा. ज्याने फक्त अननस खाल्ला त्यानेही तेवढेच पैसे द्यावेत.

आता अभिप्राय उरतो. निघताना वाढपी अभिप्रायाची पाटी पुढे करून पाच तारे देण्याची विनंती करतो, आणि तो दिवसभर धुरात उभा असतो, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पाच तारे द्यावेत. खोटे बोलायचे नसेल तर ‘परिसर निसर्गरम्य, कर्मचारी अत्यंत विनम्र’ असे लिहावे आणि जेवणाचा विषय काढूच नये. त्याच जागेविषयी आधीच्या लोकांनी लिहिलेले अभिप्राय गाडीत बसल्यावर वाचून पाहिले, तर त्यांनीही हीच दोन वाक्ये लिहिलेली आढळतील. घाटात गाडी अडकली की कार्यालयातल्या त्या सहकाऱ्याला आठवणीने पत्ता पाठवावा, जो पुढच्या शनिवारी सहकुटुंब येणार आहे, आणि टेबल आधीच राखून ठेवायला सांगावे, कारण ऐन वेळी तिथे जागा मिळत नाही.