अमिस्ताद खटला: करार केराच्या टोपलीत गेलाच नव्हता

कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने निबंध वाचायला पाठवला आणि त्यातला निम्मा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डमधून जसाच्या तसा उचललेला निघाला. फॉरवर्डचं म्हणणं असं: अमिस्ताद या स्पॅनिश जहाजावर १८३९ मध्ये बंड करून पुढे अमेरिकेच्या हाती लागलेल्या आफ्रिकनांना स्पॅनिश मालकांना परत करा, असं अमेरिका-स्पेनचा करार सांगत होता, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माणुसकीसाठी तो केराच्या टोपलीत टाकला. ब्रिटन-स्पेन कराराचा इथे संबंधच नव्हता. या निकालाने अमेरिकेतली गुलामगिरी संपली आणि सरकारने त्यांना स्वतःच्या जहाजाने घरी पोचवलं.

शेवटचे दोन दावे आधी उरकते. निकाल ९ मार्च १८४१ चा, गुलामगिरी बंद झाली १८६५ च्या घटनादुरुस्तीने. आणि सरकारने छदामही दिला नाही. वाचलेले ३५ जण वर्गणीतून केलेल्या जहाजाने नोव्हेंबर १८४१ मध्ये निघाले.

आता करार. अमेरिका-स्पेनच्या १७९५ च्या कराराचं नववं कलम सांगतं की चाच्यांच्या हातून सोडवलेली जहाजं आणि माल मूळ मालकाला परत द्यायचा, पण मालकीचा पुरेसा पुरावा दिल्यावर. सगळा खटला या शेवटच्या अटीवर उभा आहे. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलंय: हे लोक स्पेनच्या कायद्याने खरोखर गुलाम असते, तर त्यांना करारातला 'माल' धरून दावेदारांच्या हवाली करायला हरकत नव्हती. ही कसली माणुसकी? जहाजावरच्या अंतोनिओ या मुलाला तर खालच्या न्यायालयाने गुलाम ठरवून परत द्यायला सांगितलंच होतं. गुलामगिरीविरोधकांनी त्याला कॅनडात पोचवलं म्हणून तो सुटला. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

मग बाकीचे सुटले कशाने? ज्याचा 'संबंधच नव्हता' त्या कराराने! १८१७ मध्ये स्पेनने ब्रिटनकडून चार लाख पौंड घेऊन आफ्रिकेतला गुलामांचा व्यापार १८२० पासून बंद करायचं कबूल केलं आणि तसं राजाचं फर्मानही काढलं. हा करार अमेरिकेवर बंधनकारक नव्हता, हे खरं. पण तो इथे स्पेनचाच कायदा काय होता याचा पुरावा म्हणून आला. १८२० नंतर क्युबात, म्हणजे स्पेनच्या वसाहतीत, आणलेला आफ्रिकन स्पेनच्याच कायद्याने स्वतंत्र होता.

या लोकांवर मालकी सांगणाऱ्या रुइझ आणि मोंतेस या स्पॅनिश माणसांनी त्यांना जहाजाने नेण्यासाठी क्युबाची राजधानी हवाना इथे काढलेले परवाने जून १८३९ चे. त्यांत या लोकांना 'लादिनो', म्हणजे क्युबात मुरलेले, बंदीआधीपासूनचे गुलाम म्हटलं होतं आणि प्रत्येकाला स्पॅनिश नाव चिकटवलं होतं. मोंतेसच्या परवान्यात हुआना, फ्रान्सिस्का, होसेफा अशा तीन मुली आहेत. दहाच्या आसपास वयाच्या या पोरी १८२० आधी क्युबात होत्या म्हणे! हवानात काम केलेल्या डॉ. रिचर्ड मॅडन यांनी असे परवाने तिथे सर्रास कसे निघतात ते साक्षीत सांगितलं. बंडाचा म्होरक्या सिंके याने जेम्स कोव्ही या दुभाष्यामार्फत साक्ष दिली आणि जहाजावर कसं जखडून बसवलं होतं ते कोर्टात जमिनीवर बसून दाखवलं. परवाने खोटे ठरले, मालकीचा पुरावा उरला नाही, आणि नवव्या कलमाची अटच पुरी होईना.

न्यायाच्या शाश्वत तत्त्वांचा उल्लेख निकालपत्रात आहे, तेवढं मान्य करावं लागेल. पण निकाल त्या वाक्यावर लागलेला नाही. तो न्यायाधीशांच्या मोठ्या मनाच्या खात्यावर टाकला, की सिंकेची साक्ष आणि मॅडन यांची मेहनत पुसली जाते. भाचीला तो निबंध पुन्हा लिहायला सांगितलाय, या वेळी स्टोरींचं निकालपत्र समोर ठेवून.