ठाण्यातून तारे दिसत नाहीत म्हणणाऱ्यांनो, आधी टेरेसची किल्ली मागा

"ठाण्यातून काही दिसत नाही रे, त्यासाठी वांगणीला जावं लागतं." हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत आणि म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी मान वर केलेली नसते, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वांगणीला, म्हणजे बदलापूरच्या पुढच्या त्या अंधाऱ्या गावाला, जरूर जा, मुंबईतली हौशी मंडळी कित्येक वर्षं तिथे रात्र जागवायला जातायत. पण सुरुवात तिथून करू नका. खऱ्या अंधारात एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसतात, नवख्या माणसाला त्यात मृग कुठला आणि मिथुन कुठली काही म्हणजे काही कळत नाही. आपल्याकडे दिव्यांनी बारीकसारीक सगळं पुसून टाकलंय, उरलेत ते फक्त ठळक तारे, आणि ओळख करून घ्यायला तेच तर लागतात! व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, स्वाती, चित्रा, अभिजित हे सगळे घोडबंदर रोडच्या झगमगाटातूनसुद्धा दिसतात. अगस्तीही दिसतो, फक्त तो इथून दक्षिणेला जेमतेम 18 अंश वर येतो, त्यामुळे समोर टॉवर उभा राहिला असेल तर विषय संपला.

दुसरं, चंद्र असताना तारे बघू नयेत म्हणतात. वांगणीत बरोबर आहे, पण ठाण्यात आकाश तसंही उजळलेलंच असतं, तो बिचारा अजून किती बिघडवणार? उलट त्यालाच वाटाड्या करा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा, आज चंद्र कुठल्या नक्षत्रात ते बघा, रोहिणी लिहिलं असेल तर वर जा, चंद्र अंगठ्याने झाका आणि आसपास नारिंगी झाक असलेला तारा शोधा. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे चारही ठळक तारे चंद्राच्या वाटेच्या अगदी जवळ आहेत आणि सव्वासत्तावीस दिवसांत तो सगळ्यांना भेटून येतो. (पंचांगात आकाशाचे 27 सारखे भाग केलेत, प्रत्येकी 13 अंश 20 कलांचा, त्यामुळे तारा थोडा मागेपुढे सापडतो, लगेच पंचांग खोटं म्हणू नका.) चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ, माघातला मघेजवळ, महिन्यांची नावं तिथूनच तर आली. लग्न जमवताना मुलीचं नक्षत्र रोहिणी की मघा यावर तासभर खल करणाऱ्या घरात रोहिणी प्रत्यक्ष बघितलेला एक माणूस नसतो, मला याची फार गंमत वाटते.

आता बघायचं कसं. रस्त्यावरचा एलईडी थेट डोळ्यात येत असेल तर काही दिसणार नाही, म्हणून टेरेसवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहायचं, मोबाईल खिशात ठेवायचा आणि निदान वीस मिनिटं थांबायचं. दोन मिनिटांत "कुठे काय दिसतंय" म्हणत खाली येणाऱ्यांशी माझं पटत नाही. अंधुक ताऱ्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघायचं, डोळ्यातल्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी मध्यापासून बाजूला जास्त असतात. कृत्तिकांवर, म्हणजे ताऱ्यांच्या त्या छोट्याशा पुंजक्यावर, करून बघा. आधी नुसता धुरकट ठिपका दिसतो, मग तिरक्या नजरेने तीन, नशीब असेल तर चार तारे सुटे होतात. अंधाऱ्या गावात सहा-सात सहज मोजता येतात. आणि हिवाळ्याची वाट बघत बसू नका, थंडीत ढग नसतात पण धूळ आणि धुरकं इतकं असतं की सगळा उजेड त्यातच पसरतो. सप्टेंबरात दोन दिवस धो धो पाऊस पडून मग संध्याकाळी उघडीप मिळाली तर सोडू नका, हवा धुतलेली असते, अभिजित, श्रवण आणि हंसातला ठळक तारा असा मोठा त्रिकोण डोक्यावर लख्ख दिसतो.

दिसतं म्हणजे सगळं छान चाललंय असं मात्र अजिबात नाही. सोडियमचे पिवळे दिवे गेले आणि पांढरे एलईडी आले, वीज वाचली, मान्य. पण त्यांच्यातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं ना, तेच कारण. 2023 साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला, 2011 ते 2022 या काळात लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे बघून केलेल्या 50 हजारांहून जास्त नोंदी, आणि निष्कर्ष काय तर आकाश दरवर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळतंय. त्यातल्या बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या, आपल्याकडच्या अगदी थोड्या. आपण बघतच नाही तर नोंद कोण करणार?

त्यात भर म्हणून येऊरसारख्या जंगलाला लागून खेळायच्या टर्फचे फ्लडलाइट, नवी मुंबईत पाम बीच रोडवर रोषणाई, झाडांना गुंडाळलेल्या माळा. झाडांच्या माळांवरून तर 2024 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. उपाय काही रॉकेट सायन्स नाहीये, दिव्याला वरून झाकण, तोंड खाली, रंग पिवळसर, आणि मध्यरात्रीनंतर शोभेचे दिवे बंद. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला त्याच वर्षी देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा, मान मिळाला, तिथे गावातले दिवे बदलून खाली तोंड असलेलेच बसवले होते. महाराष्ट्रातच झालंय हे, परदेशात नाही!

आमच्या सोसायटीत सध्या टेरेसवरच्या हॅलोजनवरून माझं आणि सेक्रेटरी काकांचं चालू आहे. ते म्हणतात सिक्युरिटी, मी म्हणतो निदान तो खाली वळवा, सरळ आभाळात कुठला चोर येणारे? पुढच्या मीटिंगला विषय घेतो म्हणालेत. तोवर ऐरोली, खारघर, कळवा, नेरूळवाल्यांनी सांगा, तुमच्याकडे कृत्तिका किती मोजता येतात. चष्मा लावून मोजा, आणि उगाच सात सांगू नका.