आयजीजीची साक्ष

ताप हटेना, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'डेंगी प्रोफाइल' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. पावसाळा सरता सरता निम्मं पुणं असल्या चिठ्ठ्या घेऊन हिंडत असतं, त्यामुळे लॅबमध्ये सगळी सोसायटीच भेटली. "किती आल्या?" म्हणजे प्लेटलेट्स, हे सांगावं लागत नाही. दीड लाखाच्या वरचे जरा तोऱ्यात बसतात. खालच्यांना पपईच्या पानांचा रस सुचवला जातो.

"काका, मूठ आवळा. सोडा. परत आवळा." दंडाला पट्टा करकचून मुलगा कोपराच्या खोबणीत टिचक्या मारत होता. एरवी ठसठशीत दिसणाऱ्या माझ्या शिरा सुई दिसताच भूमिगत होतात. शेवटी दुसऱ्या हाताची एक फितूर झाली.

रिपोर्ट आला: एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन, सुरुवातीच्या दिवसांत सापडतं. आयजीएम आणि आयजीजी या शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीज. आयजीएम चार-पाच दिवसांनी दिसायला लागते, दोन-तीन महिन्यांत ओसरते. आयजीजी वर्षानुवर्षं राहते. तुम्हाला डेंगी पूर्वी कधीतरी होऊन गेलेला दिसतोय. विषाणूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्यांदा वेगळा झाला तर जड जाऊ शकतो. जपा."

शेवटचं माझ्या कानावरूनच गेलं. 'पूर्वी कधीतरी'! मेहुण्याच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत मी कण्हत पडून होतो. त्याला सासरी आजही 'जावईबापूंचा ऐनवेळचा ताप' म्हणतात. आता रक्तानंच साक्ष दिली होती. घरी येऊन मी रिपोर्ट चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि काही न बोलता बसलो.

बायकोनं चष्मा लावला. तिनं वरचे ठळक आकडे सोडून थेट तळाची बारीक अक्षरं गाठली. "अहो, इथं लिहिलंय, याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूंमुळेही ही पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि तारीख कुठाय?"

"कसली तारीख?"

"डेंगी झाल्याची. लग्नाच्या आधी, नंतर, का ऐन मुहूर्तावर?"

मी लॅबला फोन लावला. पलीकडून तोच मुलगा बोलला, "काका, आयजीजीत तारीख येत नाही. थायरॉइड करून घेताय का? पॅकेजमध्ये स्वस्त पडेल."