सर्वानुमते हात वर

सप्टेंबर आला की सोसायटीच्या फलकावर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागते. 30 तारखेच्या आत सभा उरकायची असते आणि तुम्ही तर यंदाच फ्लॅट घेतलाय. तेव्हा हात कधी आणि किती वर करायचा, हे आत्ताच शिकून घ्या.

वेळेवर जाऊ नका. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, असं नोटिशीतच छापलेलं असतं. त्यातला ‘झाल्यास’ निव्वळ शिष्टाचाराचा. लवकर पोचलात तर खुर्च्या मांडाव्या लागतील.

बसायचं मधल्या रांगेत. पुढच्यांना अहवाल वाचल्याचं सोंग करावं लागतं, मागचे बंडखोर समजले जातात. मधून सगळ्यांचे खांदे दिसतात. ठराव वाचला जात असताना लक्ष खांद्यांवर ठेवा. चार हलले की आपला हलवा. घाई केलीत तर सेक्रेटरी तुम्हालाच अनुमोदक म्हणून लिहून घेतील, आणि पुढे गळती लागली की सगळी बिल्डिंग तुमचं नाव काढेल.

आता समजा, रंगकामाचं एकच कोटेशन आलंय, तेही खजिनदारांच्या साडूचं, आणि आकडा तुम्हाला जरा फुगलेला दिसतोय. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. 1951 च्या सुमारास सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना साध्या रेघा दाखवून विचारलं, यातली कुठली या रेघेएवढी? खोलीतला एक सोडून बाकी सगळे पढवलेले. ते ठरल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. त्या एकट्या पडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. तिथे कुणाचं पार्किंग अडकलेलं नव्हतं. तुमचं वाटप अजून व्हायचंय.

पढवलेले तीन असले तरी पुरायचे. त्यापुढे माणसं वाढवून दबाव फारसा वाढत नसे. तुमच्या कमिटीला हे अ‍ॅश न वाचताच ठाऊक आहे.

धोका एकाच ठिकाणी आहे. पढवलेल्यांतल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी एकट्याची भीड चेपायची आणि चुका धाडकन खाली यायच्या. म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका “तीन कोटेशनं का नाही मागवली?” म्हणत उठले की ताबडतोब मोबाइलमध्ये डोकं घाला. नजरानजर होऊन तुमची मान हलली, तर ते दोघे होतील! “यांचं दर वर्षी काहीतरी असतंच,” असं शेजारच्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटता आलं तर उत्तमच.

काका चिठ्ठ्या टाकून मतदान घ्या म्हणतील. तेही होऊ देऊ नका. अ‍ॅशच्या खोलीतसुद्धा उत्तर गुपचूप कागदावर लिहायला मिळालं की लोक बरेचदा खरं लिहायचे. “आपण काय एकमेकांना परके आहोत का?” हे वाक्य तयार ठेवा.

ठराव मंजूर झाला की वड्याची प्लेट घेऊन खाली पार्किंगमध्ये या. कोटेशन फुगवलेलं आहे, हे सगळ्यांनाच वाटत होतं, ते तिथे कळेल. मग मात्र मोकळेपणाने बोला, आवाज चढवा, हवं तर काकांची बाजू घ्या; ते तोवर घरी गेलेले असतात. सेक्रेटरी येताना दिसले की विषय कोजागिरीच्या वर्गणीकडे वळवा. तिचा आकडा सभेच्या आधीच सर्वानुमते ठरलाय.