"काय करत नाही ओ तो!"

आमच्या बेळगावला समुद्र नाही. म्हणून सुट्टी पडली की सगळी खानापूर-जोयडा करत कारवारला. ठीक आहे की! पण प्रत्येक खेपेला कोणी ना कोणी आपलं जनावर घेऊन का येतंय ओ? कधी कुत्रं, कधी कोंबडा. यंदा टागोर बीचवर चक्क टगर, म्हणजे मेंढा ओ! शिंगांना लाल रंग, गळ्यात घुंगुरमाळ, आणि मालक दोरी सोडून सेल्फीत दंग.

त्यानं लाटेकडं बघितलं, डोकं खाली घातलं आणि दिली टक्कर. लाट फुटली, हा भिजला, आणि राग काढला आमच्या चटईवर. भडंगाचा डबा उलटा, काकू पदर सावरत पळाल्या, पोरं हसून लोळायलीत. मलाही हसू आलं, नाही कशाला म्हणू? मालक लांबनंच, "काय करत नाही ओ तो!" काय करत नाही? भडंग संपवला की सगळा!

बरं, मेंढरू म्हणजे रवंथ करणारं जनावर, पोटाला चार कप्पे. सवय नसताना धान्याचं काही भसकन जास्त खाल्लं की पोटात आंबतं, आम्ल वाढतं, जिवावरही बेततं. हे सांगितलं तर म्हणतोय, "आमच्यात पाव पण खातंय." अंगावर लोकर, वर दुपारचं ऊन, प्यायला गोडं पाणी नाही. शेवटी माझ्याच बाटलीतलं ओतलं. ते पिऊन त्यानं टोपण चघळायला घेतलं, आणि मालक मोबाईल पुढं करून, "भाऊ, एक फोटो काढा की आमचा दोघांचा!"